रमाबाई रानडे : स्वतः शिकल्या, इतरांसाठी दार उघडले



दहावीनंतर मुलीला पुढे पाठवावे की नाही, हा प्रश्न आपल्या कितीतरी घरांत दरवर्षी उभा राहतो. म्हणून या रविवारी अशा एका स्त्रीची ओळख करून घेऊ, जिच्या काळात दहावीपर्यंत पोहोचणे हेच मुलींसाठी स्वप्न होते.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. मुलीने अक्षर गिरवले तर घरावर संकट येते असे मानण्याचा तो काळ. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पती होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वयाने वीस वर्षांनी मोठे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि एका लहान मुलीशी लग्न केले. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. थोर माणसांच्या हातूनही तत्त्व आणि आचरण यांची फारकत होते.

मात्र लग्नानंतर लगेच रानड्यांनी पत्नीला शिकवायला घेतले. आधी मराठी, मग इंग्रजी. घर मोठे, एकत्र कुटुंबाचे. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हते. टोमणे, अबोला, अपमान हे रोजचेच झाले. इंग्रजी शिकवायला परधर्माची बाई येई, म्हणून सोवळ्या-ओवळ्याचा जाचही सोसावा लागे. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही आणि पुस्तकही सोडले नाही.

१८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. पण मॅट्रिकपर्यंत नेणारी शाळाच नसेल, तर कॉलेजचे दार उघडे असून काय उपयोग? मुलींच्या शाळा होत्या त्या बहुतेक प्राथमिक. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक आदी मंडळींनी पुण्यात मुलींच्या हायस्कूलची मागणी पुढे आणली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भरसभेत हे मागणीपत्र इंग्रजीत वाचून दाखवले ते रमाबाईंनी. लग्नाच्या वेळी निरक्षर असलेली मुलगी अकरा वर्षांत तेथवर पोहोचली होती. घरी परतल्यावर मात्र बोलणीच बसली.

सप्टेंबर १८८४ मध्ये शाळा सुरू झाली. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जेथे होती त्या जागेमुळे ती ‘हुजूरपागा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. विरोध झालाच. मुलींना मुलांसारखे इंग्रजी व गणित कशाला, घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढेच शिकवावे, असे लोकमान्य टिळकांची वर्तमानपत्रे मांडत. तरीही शाळा टिकली, वाढली आणि आजही चालू आहे.

१९०१ मध्ये रानडे वारले. रमाबाई तेव्हा जेमतेम एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग त्या तुरुंगातील स्त्रियांना भेटू लागल्या आणि १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तेथे प्रौढ स्त्रिया व विधवा शिकल्या, कित्येक जणी शिक्षिका व परिचारिका झाल्या. बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृहे निघाली. पुण्यात मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून त्या झगडल्या. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

बंधूभगिनींनो, त्या काळी आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि पुण्याची ही हालचाल इथपासून फार दूर होती. आज शाळा-कॉलेजे तालुक्यातालुक्यात आहेत. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या दर दहा स्त्रियांपैकी चारांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन टोळ्या कारखान्याकडे निघतात. वयात आलेली मुलगी मागे कोणाकडे ठेवायची, ही आईबापांची चिंता खरी आहे. त्या चिंतेपोटीच लग्न उरकले जाते.

रमाबाईंच्या जीवनातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. शाळा हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. मुलीला घरातून पाठबळ हवे आणि राहायला सुरक्षित जागा हवी. ज्यांचे आईबाप तोडणीला जातील अशा मुली आपल्या ओळखीत असतील. त्यांच्यासाठी वसतिगृहाची चौकशी करणे, अर्ज भरून देणे, सहा महिने आपल्या घरात एक ताट वाढवणे, हे आपल्यापैकी अनेकांना जमण्यासारखे आहे. यंदा टोळ्या निघण्यापूर्वी अशा मुलींची नावे मला मिस्सानंतर येऊन सांगा. आपण मिळून मार्ग काढू.

आपला,
धर्मगुरू