रिचर्ड हेन्री टॉनी

रिचर्ड हेन्री टॉनी (३० नोव्हेंबर, इ.स. १८८० - १६ जानेवारी, इ.स. १९६२) हे इंग्लंडमधील आर्थिक इतिहासकार, समाजवादी विचारवंत आणि प्रौढशिक्षण चळवळीचे एक अग्रणी होते. खाणीत, गिरणीत आणि चिनी मातीच्या कारखान्यांत दिवसभर राबणाऱ्या प्रौढ कामगारांना अर्थशास्त्र व आर्थिक इतिहास विद्यापीठाच्या दर्जाने शिकवता येतो, हे त्यांनी इ.स. १९०८ पासून स्वतः वर्ग चालवून दाखवून दिले. पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक झाले. समता आणि संपत्तीचे सामाजिक प्रयोजन हे त्यांच्या लेखनाचे मुख्य विषय होते.

प्रारंभिक जीवन

टॉनी यांचा जन्म कलकत्ता येथे झाला. त्यांचे वडील चार्ल्स हेन्री टॉनी हे संस्कृतचे अभ्यासक आणि तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य होते. सोमदेवाच्या 'कथासरित्सागर' या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी केला. रिचर्ड लहान असतानाच कुटुंब इंग्लंडला परतले. रग्बी येथील शाळेत आणि नंतर ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले विल्यम टेंपल हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र होते.

इ.स. १९०३ मध्ये पदवी घेतल्यावर टॉनी पूर्व लंडनमधील टॉयन्बी हॉल या समाजसेवी संस्थेत राहू लागले. तेथे गरीब वस्त्यांतील जीवन त्यांनी जवळून पाहिले. दानधर्माने दारिद्र्याची कारणे दूर होत नाहीत, हे त्यांचे मत या काळात दृढ झाले. तेथील सहकारी विल्यम बेव्हरिज यांच्या भगिनी जॅनेट यांच्याशी इ.स. १९०९ मध्ये त्यांचा विवाह झाला.

कामगारांचे वर्ग

सहकारी चळवळीत कारकुनी केलेल्या अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी इ.स. १९०३ मध्ये कामगारांच्या उच्च शिक्षणासाठी एक संघटना स्थापन केली. तीच पुढे वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन या नावाने ओळखली जाऊ लागली. टॉनी इ.स. १९०५ मध्ये तिच्या कार्यकारिणीवर आले.

त्या काळी विद्यापीठांची बहिःशाल व्याख्याने होत असत, परंतु मोठ्या श्रोतृवर्गासमोर होणाऱ्या सुट्या व्याख्यानांतून सखोल अभ्यास साधत नव्हता. यावर उपाय म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ही संघटना यांच्या सहकार्याने ट्यूटोरियल वर्गांची योजना आखण्यात आली. जानेवारी १९०८ मध्ये पहिले दोन वर्ग स्टॅफर्डशायरमधील लाँग्टन आणि लँकेशायरमधील रॉचडेल येथे सुरू झाले. लाँग्टन हे कुंभारकामाच्या उद्योगाचे गाव होते, तर रॉचडेल हे कापड गिरण्यांचे आणि सहकारी चळवळीची परंपरा असलेले गाव होते. टॉनी तेव्हा ग्लासगो विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत असत. शुक्रवारी संध्याकाळी लाँग्टन आणि शनिवारी रॉचडेल येथील वर्ग घेण्यासाठी ते दर आठवड्याला रेल्वेने प्रवास करीत.

वर्गात सुमारे ३० विद्यार्थी असत. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. दरवर्षी २४ बैठका होत आणि प्रत्येक बैठक दोन तास चाले. पहिला तास व्याख्यानाचा, तर दुसरा चर्चेचा असे. विद्यार्थ्यांनी ठरावीक काळाने निबंध लिहून देणे अपेक्षित होते. कोणता विषय शिकायचा हे विद्यार्थी स्वतः ठरवत. वर्गांच्या व्यवस्थापन समित्यांवर विद्यापीठाच्या प्रतिनिधींबरोबर कामगारांनाही स्थान होते. कामाची पाळी, बेकारी आणि थकवा यांमुळे नियमित हजेरी व लेखन विद्यार्थ्यांना सोपे नव्हते. तरीही पहिल्या महायुद्धापूर्वी देशभरात असे शंभराहून अधिक वर्ग चालू झाले. लाँग्टनच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी पुढे आसपासच्या खाणवस्त्यांत स्वतः वर्ग सुरू केले.

टॉनी यांच्या दृष्टीने या शिक्षणाचा उद्देश हुशार कामगाराला त्याच्या वर्गातून बाहेर काढणे हा नव्हता. आपले जीवन घडवणाऱ्या आर्थिक व्यवस्थेचा विचार करण्याचा अधिकार सर्व नागरिकांना आहे, ही त्यांची भूमिका होती. सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या शेतजमिनीच्या प्रश्नावरील त्यांचा पहिला मोठा ग्रंथ इ.स. १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी विणकर, कुंभार व खाणकामगार विद्यार्थ्यांचे ऋण मान्य केले.

वाद

या वर्गांवर डाव्या गटांनी टीका केली. इ.स. १९०९ मध्ये ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजातील विद्यार्थ्यांनी संप केला आणि त्यातून सेंट्रल लेबर कॉलेज निर्माण झाले. शासकीय अनुदान व विद्यापीठांचे सहकार्य घेणारे शिक्षण कामगारांची वर्गजाणीव बोथट करते, असा या गटाचा आक्षेप होता. अध्यापनाचे स्वातंत्र्य अबाधित असेल तर सार्वजनिक निधी घेण्यात गैर नाही, आणि वर्गाने ठरावीक मताचा प्रचार न करता सर्व मते तपासावीत, अशी टॉनी यांच्या संघटनेची भूमिका होती. हा वाद ब्रिटिश कामगार चळवळीत अनेक वर्षे चालला.

संशोधन आणि सार्वजनिक कार्य

मुंबईचे उद्योगपती सर रतन टाटा यांच्या देणगीतून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे दारिद्र्याच्या कारणांच्या अभ्यासासाठी रतन टाटा फाउंडेशन स्थापन झाले. टॉनी त्याचे संचालक होते. साखळ्या बनवण्याच्या आणि शिवणकामाच्या उद्योगांत किमान वेतनाचा काय परिणाम झाला, याचा अभ्यास त्यांनी या काळात प्रसिद्ध केला.

पहिल्या महायुद्धात त्यांनी अधिकारीपद नाकारून साधा सैनिक म्हणून नाव नोंदवले. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत ते गंभीर जखमी झाले. इ.स. १९१९ मध्ये कोळसा खाणींविषयीच्या सँकी आयोगावर त्यांनी काम केले. प्रौढशिक्षण ही राष्ट्राची कायमची गरज आहे, असे प्रतिपादन करणाऱ्या त्याच वर्षीच्या शासकीय अहवालाच्या समितीतही ते होते. मजूर पक्षातर्फे त्यांनी लढवलेल्या संसदीय निवडणुकांत त्यांना यश आले नाही.

इ.स. १९२२ मध्ये त्यांनी सर्वांसाठी माध्यमिक शिक्षणाचे धोरण मांडणारी पुस्तिका मजूर पक्षासाठी संपादित केली. इ.स. १९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंड व वेल्समधील सरकारी शाळांत माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले. त्याच वर्षापर्यंत, इ.स. १९२८ पासून सलग, ते वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनचे अध्यक्ष होते.

ग्रंथ आणि प्रभाव

'रिलिजन अँड द राइझ ऑफ कॅपिटॅलिझम' (१९२६) या ग्रंथात त्यांनी धार्मिक विचार आणि भांडवलशाहीचा उदय यांचा संबंध तपासला. 'इक्वॅलिटी' (१९३१) या ग्रंथात त्यांनी असे मांडले की माणसांच्या क्षमता भिन्न असल्या तरी त्यामुळे शिक्षण, आरोग्य व सुरक्षितता यांतील विषमतेचे समर्थन होत नाही. इंग्लंडमधील जमीनदार वर्गाच्या उदयाविषयीच्या त्यांच्या सिद्धान्तावर ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी इ.स. १९५३ मध्ये कठोर टीका केली आणि त्यातील आकडेवारीचा आधार वादग्रस्त ठरला.

टॉनी यांनी सरदारकीचा प्रस्ताव नाकारला. इ.स. १९४९ मध्ये ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले. १६ जानेवारी १९६२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. लाँग्टन आणि रॉचडेल येथील वर्गांची पद्धत पुढे ब्रिटनमधील विद्यापीठांच्या प्रौढशिक्षण कार्यासाठी नमुना ठरली.