मंदीच्या काळात गावातच रोजगार उभा करणारे विठ्ठलराव विखे

मंदी आली की पहिला घाव रोजगारावर बसतो. २००८ च्या जागतिक मंदीत पुण्या-मुंबईतील सुशिक्षित तरुणांनी तो सोसला. २०२० च्या टाळेबंदीत शहरे सोडून गावाकडे निघालेल्या श्रमिकांच्या लोंढ्यांनी त्याचे आणखी विदारक दर्शन घडविले. हातचे काम गेले की माणूस दुसऱ्या कामाच्या शोधात निघतो आणि हा शोध बहुधा घरापासून दूर नेतो. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी, १९३० च्या महामंदीत, तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा खोऱ्यात हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा होता. तेथील शेतकऱ्याकडे जमीन होती, कालव्याचे पाणी होते, रानात ऊस डोलत होता. तरीही मालकीच्या रानावर रोजंदारीला जाण्याची वेळ अनेकांवर आली होती. लोणी बुद्रुक येथील एका अल्पशिक्षित शेतकऱ्याने या प्रश्नाला दिलेल्या उत्तरातून पुढे महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाची दिशा बदलली. त्या शेतकऱ्याचे नाव विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील.

सावकारीच्या छायेत

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नारळी पौर्णिमेच्या दिवशी विठ्ठलरावांचा जन्म लोणीच्या शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपलीकडे गेले नाही. पुढे अर्थशास्त्रज्ञ, मंत्री आणि बँकांचे अधिकारी यांच्याशी बरोबरीने चर्चा करणाऱ्या या माणसाची खरी शाळा शेतातच भरली, आणि तेथील सर्वांत कठीण धडा कर्जाचा होता.

नगर जिल्ह्याला सावकारीचा इतिहास नवा नव्हता. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जखते जाळली होती. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. तथापि कायद्याने कर्जाची गरज संपली नाही. बियाणे, बैल, पेंड, लग्नकार्य या सर्वांसाठी सावकाराचा उंबरठा झिजवावाच लागे. अनेकदा कर्ज देणारा सावकार हाच माल विकत घेणारा अडत्याही असे. पीक उभे असतानाच ते त्याच्या नावे झालेले असे.

या चक्रातून बाहेर पडण्याची वाट विठ्ठलरावांना सहकारात दिसली. १९०४ च्या कायद्याने देशात सहकारी पतसंस्था स्थापन करण्याची सोय झाली होती. तिचा आधार घेऊन १९२३ मध्ये लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्या काळच्या ग्रामीण पतसंस्थांमध्ये सभासदांची जबाबदारी सामाईक असे. एकाने कर्ज बुडविले तर त्याची झळ सर्वांना लागे. त्यामुळे प्रत्येकाच्या वागणुकीवर आणि शेतीवर गावाचीच नजर राही. ही शिस्त जाचक होती, परंतु आपलाच पैसा आपल्याच माणसांच्या विश्वासावर उभा राहू शकतो, हे लोणीकरांना तिनेच शिकविले. पुढच्या मोठ्या उद्योगाचे बीज या लहानशा पतपेढीत होते.

पाणी आले, भाव गेला

याच सुमारास प्रवरा खोऱ्याचे रूप पालटत होते. सह्याद्रीच्या कुशीत भंडारदरा येथे १९१० मध्ये सुरू झालेले धरणाचे बांधकाम १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांनी पाणी आणले. ज्वारी-बाजरीच्या जिरायत पट्ट्यात ऊस उभा राहिला. नगरच्या शेतकऱ्याला आता पावसाची वाट पाहावी लागणार नव्हती.

परंतु बागायतीने नवी जोखीमही आणली. ऊस हे दीर्घ मुदतीचे आणि खर्चिक पीक आहे. आडसाली ऊस दीड वर्षापर्यंत रान अडवतो. तोपर्यंत पाणीपट्टी, खत, मजुरी हा खर्च चालूच राहतो. तोडलेला ऊस साठवून ठेवता येत नाही. त्याचे गाळप लवकर व्हावे लागते. गुऱ्हाळावर काहिलीत रस आटवून गुळाच्या ढेपा करायच्या आणि त्या पेठेत नेऊन अडत्या सांगेल त्या भावाने विकायच्या, एवढाच मार्ग शेतकऱ्यापुढे होता.

१९२९ मध्ये अमेरिकेत शेअर बाजार कोसळला आणि त्यानंतरच्या काळात जगभर शेतमालाच्या किमती घसरल्या. कापूस, धान्य, गूळ यांपैकी काहीही त्या घसरगुंडीतून सुटले नाही. लोणीच्या शेतकऱ्याने न्यूयॉर्कचे नाव ऐकलेले नसेल, पण तेथील पडझडीचा हिशेब त्याच्या ढेपेच्या पट्टीवर उतरला. गुळाचे भाव पडले. पाणीपट्टी आणि व्याज मात्र जागच्या जागी राहिले. घाट ओलांडून मुंबई गाठावी, तर तेथेही परिस्थिती बिकट होती. गिरणगावात संप, वेतनकपात आणि कामगारकपात यांचे सत्र चालू होते. गावाकडचा माणूस ज्या शहराकडे आशेने पाहत असे, तेथील दारेही अरुंद झाली होती.

आपल्याच रानात रोजंदारी

मंदीच्या याच काळात एका उद्योगाला मात्र बरकत आली. १९३२ मध्ये सरकारने आयात साखरेवर संरक्षक जकात बसविली आणि देशी साखर कारखानदारी फायद्याची झाली. नगर जिल्ह्यात हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा कारखाना १९२० च्या दशकातच उभा राहिला होता. त्यानंतर टिळकनगर, साकरवाडी, चांगदेवनगर अशा ठिकाणी खासगी कारखान्यांची धुराडी दिसू लागली. त्यांना सलग बागायती जमीन हवी होती, आणि कर्जाने वाकलेला शेतकरी ती खंडाने देण्यास तयार होता.

व्यवहार वरवर पाहता सोयीचा होता. जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने कंपनीला द्यायची, ठरलेला खंड घ्यायचा आणि जमल्यास कंपनीच्या मळ्यावर कामाला लागायचे. भावाची चिंता मिटली, पाणीपट्टीचा तगादा संपला, रोजची मजुरी सुरू झाली. मंदीत बेकार होऊ पाहणाऱ्या माणसाला ही नोकरी म्हणजे आधारच वाटला, तर नवल नाही. पण उसापासून साखर होताना जी किंमत वाढते, ती सारी कंपनीकडे जाणार होती. शेतकऱ्याच्या वाट्याला खंड आणि मजुरीच येणार होती. पुढच्या पिढीला तर जमीन कसण्याची सवयही राहणार नव्हती.

विठ्ठलरावांचे वेगळेपण येथे दिसते. कारखाना येऊ नये, अशी त्यांची भूमिका नव्हती. यंत्राशिवाय उसाला भाव नाही आणि गावाला काम नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचा प्रश्न कारखान्याच्या मालकीचा होता. पतपेढीत जे पैशाबाबत साधले, ते यंत्राबाबत का साधू नये, या विचाराने त्यांच्या मनात घर केले.

बेलापूर रोडची परिषद

हा विचार प्रत्यक्षात येण्यास दीड दशक जावे लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेतमालाचे भाव वधारले आणि शेतकऱ्याच्या हाती थोडी शिल्लक राहू लागली. १९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूर येथे, दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांच्या मालकीच्या सहकारी साखर कारखान्याच्या कल्पनेला येथे बळ मिळाले.

गाडगीळ आणि विखे यांची जोडी विलक्षण होती. एक केंब्रिजमध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, तर दुसरे चार इयत्तांच्या शिदोरीवर गावोगाव हिंडणारे शेतकरी. योजनेचा आराखडा, सरकारदरबारी मांडणी आणि हिशेबाची चोख पद्धत गाडगीळांनी सांभाळली. शेतकऱ्यांचा विश्वास आणि भागभांडवल जमविण्याची जबाबदारी विठ्ठलरावांनी पेलली. तिसरा आधार वैकुंठभाई मेहता यांचा. मुंबई प्रांतिक सहकारी बँकेची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली होती आणि १९४६ पासून ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री होते.

तरीही भांडवल जमविणे सोपे नव्हते. सावकाराच्या वहीत नाव असलेल्या माणसाकडे कारखान्याच्या भागासाठी पैसे मागायचे होते. तेही अजून कागदावर असलेल्या कारखान्यासाठी. १९३० च्या दशकात आंध्रात एटिकोप्पाका येथे लहान प्रमाणावर असा प्रयत्न झाला होता, पण नगरच्या शेतकऱ्यापुढे डोळ्यांनी पाहिलेला दाखला नव्हता. शेतकरी कारखाना चालवतील, यावर जाणत्यांचाही विश्वास नव्हता. विठ्ठलराव गावोगाव फिरले, बैठका घेतल्या, शंका ऐकल्या आणि थेंबाथेंबाने भांडवल गोळा केले. त्याला सरकारच्या भागभांडवलाची आणि औद्योगिक वित्त महामंडळाच्या कर्जाची जोड मिळाली.

धुराडे पेटले

१९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळ प्रवरानगर येथे रोज ५०० टन ऊस गाळण्याची क्षमता असलेला कारखाना सुरू झाला. अध्यक्षपद गाडगीळांकडे होते. सुमारे दशकभर त्यांनी ते सांभाळले आणि नंतर ते विठ्ठलरावांकडे आले. महाराष्ट्रातील यशस्वी सहकारी साखर कारखानदारीची ही सुरुवात होती. सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच, हे तत्त्व तेथे लागू होते.

या कारखान्याने शेतकऱ्याला उसाचा भाव दिला, तसाच परिसराला रोजगारही दिला. यंत्रशाळेतील फिटर, प्रयोगशाळेतील केमिस्ट, शेतकी खात्यातील कर्मचारी, कारकून, वजनकाट्यावरचे कामगार, वाहतुकीचे गाडीवान अशी नाना तऱ्हेची कामे गावाच्या परिसरात निर्माण झाली. काही कायम, तर बरीचशी हंगामी होती. कारखान्याभोवती बाजारपेठ वाढली. दुकाने, दुरुस्तीची ठिकाणे, उपाहारगृहे उभी राहिली. उसाच्या बिलातून कापलेल्या ठेवींतून विस्तार झाला, उपसा सिंचनाच्या योजना झाल्या. १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्थेची स्थापना झाली. स्वतः शाळेत फारसे न गेलेल्या विठ्ठलरावांना ग्रामीण मुलांच्या हाती कौशल्य नसेल तर कारखान्यातील चांगल्या जागा बाहेरचेच घेतील, ही जाणीव होती.

१९६१ मध्ये त्यांना पद्मश्री किताब मिळाला. त्याच वर्षी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू प्रवरानगरला आले. प्रवरेच्या मागोमाग कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर आणि श्रीगोंदा या भागांतही सहकारी कारखाने उभे राहिले. जिल्ह्याची ओळखच बदलली.

न सुटलेली गणिते

या यशाची दुसरी बाजूही नगर जिल्ह्यातच दिसते. कारखान्याचा मालक झाला तो ऊस पिकविणारा बागायतदार. ऊस तोडणारा मात्र या मालकीच्या वर्तुळाबाहेर राहिला. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील कोरडवाहू गावांतून दरवर्षी हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन कोयत्यासह कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुलेबाळे बरोबर, शाळा मागे, आणि हंगाम संपल्यावर उचल फिटली की नाही याची चिंता. ज्या कर्जाच्या फासातून प्रवरेचा शेतकरी सुटला, त्याच जातीचा फास या मजुरांच्या गळ्यात आहे.

दुसरा दाखला खंडकरी शेतकऱ्यांचा. मंदीच्या आणि त्यापुढच्या काळात ज्यांनी खासगी कारखान्यांना जमिनी खंडाने दिल्या, त्यांच्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर कंपन्यांकडून सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाच्या ताब्यात आल्या. त्या परत मिळविण्यासाठी श्रीरामपूर-कोपरगाव पट्ट्यातील कुटुंबांना दशकानुदशके लढा द्यावा लागला. २०१२ च्या सुमारास वारसांच्या हाती जमिनी पडू लागल्या, तोवर करार करणाऱ्यांच्या दोन पिढ्या काळाच्या पडद्याआड गेल्या होत्या. अडचणीच्या दिवसांत केलेल्या सोयीच्या व्यवहाराची एवढी मोठी किंमत त्यांना मोजावी लागली. विठ्ठलरावांना १९३० च्या दशकात ज्या गोष्टीची धास्ती वाटत होती, ती हीच होती.

विठ्ठलराव विखे पाटील यांचे २७ एप्रिल १९८० रोजी निधन झाले. त्यांच्या जयंतीनिमित्त नारळी पौर्णिमेला राज्यात शेतकरी दिन पाळला जातो. त्यांनी पाया घातलेल्या सहकारात पुढे राजकारण शिरले, काही कारखाने कर्जात बुडाले, काही बंद पडले. प्रवरेच्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेला तरुण आज नोकरीसाठी पुणे-चाकणचा रस्ता धरतो आणि मंदीची चाहूल लागली की त्याच्या लोणी-राहात्यातल्या घरी काळजी सुरू होते. त्याच्या आजोबांच्या पिढीसमोर आलेला प्रश्न असा पुन्हा दारात उभा आहे. त्या पिढीने तेव्हा पडलेल्या भावाची वाट पाहत न बसता आपली तुटपुंजी शिल्लक एकत्र केली, जाणकारांची मदत घेतली आणि कामाबरोबर कामाची मालकीही मिळविली. ती शिल्लक पहिल्यांदा मोजली गेली, ती १९२३ मध्ये लोणी बुद्रुकच्या पतपेढीत.