दोन समुद्र जोडणारा रिके

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागात तुलूझ नावाचे मोठे शहर आहे. तेथून एक कालवा निघतो आणि सुमारे २४० किलोमीटर वाहत जाऊन भूमध्य समुद्राला मिळतो. कालव्याच्या काठाने एक वाट जाते. उन्हाळ्यात देशोदेशीचे प्रवासी थोडेसे सामान सायकलला बांधून या वाटेने निघतात. एका बाजूस संथ पाणी, ठिकठिकाणी उंच वृक्षांची दाट सावली, आणि समुद्राकडील मुलखात दूरवर पसरलेले हिरवेगार द्राक्षमळे पाहत ते मजेने प्रवास करतात.

या प्रवाशांना एका गोष्टीचे नवल वाटते. सभोवतालचा मुलूख उंचसखल आहे, पण त्यांची वाट मात्र सपाट असते. मधूनच एखादा लहानसा चढ लागतो आणि पुन्हा मैलोगणती सपाटी येते. याचे कारण असे की, ही वाट मुळी सायकलींसाठी बांधलेलीच नव्हती. कालव्यातील नावांना दोर बांधून घोडे त्या ओढीत असत, आणि त्या घोड्यांसाठी ही वाट होती. पाणी जसे पसरले, तशी वाट गेली. हे पाणी या मुलखात ज्याने आणले, त्याचे नाव पिएर पॉल रिके.

रिकेचा जन्म सतराव्या शतकाच्या आरंभी बेझिए या गावी झाला. पुढे तो सरकारच्या वतीने मिठावरील कर गोळा करू लागला. या व्यवसायात त्याने पुष्कळ धन मिळवले. कामानिमित्त त्याला लाँगदॉक प्रांतात सतत हिंडावे लागे. या प्रांतात गहू उदंड पिकत असे. द्राक्षांच्या मद्याची पिंपेही भरपूर तयार होत. परंतु हा माल दूरच्या बाजारी न्यावा कसा? रस्ते इतके वाईट की पावसाळ्यात गाड्या चिखलात रुतून बसत. समुद्रमार्गाने न्यावा, तर भूमध्य समुद्रातून निघालेल्या गलबताला सगळ्या स्पेन देशाला वळसा घालून अटलांटिक महासागर गाठावा लागे. हा सुमारे ३००० किलोमीटरांचा फेरा होता, आणि वाटेत चाच्यांचे भय होते.

तुलूझजवळून वाहणारी गारॉन नदी अटलांटिक महासागराला मिळते. तेव्हा या नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत कालवा खणला, तर दोन समुद्र जोडले जातील, हा विचार काही नवा नव्हता. अनेक राजांच्या दरबारी त्याची चर्चा झाली होती. पण एका अडचणीपाशी सारे थांबत. तुलूझपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर नोरूझ नावाची जागा आहे. तेथे जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर आहे. पाण्यातून जाणारी नाव ही चढण चढणार कशी?

नाव चढवण्याची युक्ती त्या काळी ठाऊक होती. कालव्यात दोन्ही टोकांना भक्कम दारे असलेला हौद बांधतात. खालून आलेली नाव हौदात शिरली की मागचे दार बंद करतात आणि वरच्या अंगाचे पाणी आत सोडतात. पाणी भरते तशी नाव वर उचलली जाते. मग पुढचे दार उघडून ती वरच्या पातळीवर निघून जाते. उतरताना हाच क्रम उलटा होतो. मात्र अशा प्रत्येक खेपेला हौदभर पाणी खाली वाहून जाते. म्हणून सर्वांत उंच जागी पाण्याचा अखंड पुरवठा हवा. नोरूझ येथे तो नव्हता. खरा प्रश्न कालवा खणण्याचा नव्हता. माथ्यावर पाणी आणण्याचा होता.

रिके स्थापत्यशास्त्र शिकलेला नव्हता. पण पाहण्याची आणि विचार करण्याची सवय त्याला होती. नोरूझजवळच्या एका झऱ्याचे पाणी दुभंगून अर्धे एका समुद्राकडे व अर्धे दुसऱ्या समुद्राकडे जाताना त्याने पाहिले आणि त्यातून त्याला मार्ग सुचला, असे सांगतात. नोरूझच्या ईशान्येस काळा डोंगर आहे. तेथे पाऊस विपुल पडतो आणि अनेक ओढे वाहतात. पिएर कांपमास नावाच्या एका पाणक्या कारागिराला त्या ओढ्यांची बारीकसारीक माहिती होती. त्याला बरोबर घेऊन रिके रानावनांतून हिंडला. डोंगराच्या कुशीने पाट काढून हे सारे ओढे एकत्र केले, तर ते पाणी नोरूझला पोचेल, अशी त्याची खात्री झाली. आपल्या वाड्याच्या बागेत लहानसा कालवा खणून त्याने प्रयोगही केले.

१६६२ साली त्याने आपली योजना राजा चौदावा लुई याचा मंत्री कोल्बेर याच्याकडे लिहून पाठवली. सरकारने जाणत्यांची समिती नेमली. समितीला शंका होत्या. तेव्हा रिकेने १६६५ साली एक अरुंद चर खणवून डोंगरातले पाणी प्रत्यक्ष नोरूझला आणून दाखवले. वाहत्या पाण्यापुढे शंकांना जागा उरली नाही. १६६६ साली राजाची आज्ञा निघाली आणि पुढच्याच वर्षी कामाला प्रारंभ झाला. त्या वेळी रिके साठीच्या घरात पोचला होता.

काम ऐन जोरात असताना सुमारे १२००० माणसे त्यावर राबत होती. त्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. माती खणण्यासाठी कुदळ-फावडे आणि वाहण्यासाठी टोपली, एवढीच साधने होती. रिके आपल्या मजुरांना रविवारचे, सणाचे आणि पावसामुळे बुडालेल्या दिवसांचे वेतन देत असे. आजारी मजुराचे वेतनही तो कापीत नसे. त्या काळी ही गोष्ट फार दुर्मिळ होती.

पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी साठवावे, म्हणून सँ-फेरेओल येथे सुमारे ७८० मीटर लांबीचे प्रचंड धरण बांधण्यात आले. आरंभी बांधलेल्या एका हौदाची सरळ भिंत मातीच्या दाबाने ढासळली. तेव्हा हौदांच्या भिंती बाहेरच्या अंगाला फुगीर, म्हणजे कमानीसारख्या बांधण्यात आल्या. त्यामुळे हौदांना अंड्यासारखा आकार आला. बेझिए गावाजवळ तर असे आठ हौद एकापुढे एक बांधून नावांसाठी जणू पाण्याचा जिना तयार केला.

पुढे एक टेकडी आडवी आली. तिचा दगड ठिसूळ होता. विरोधकांनी ओरड केली आणि काम थांबले. तरीही रिकेने चोरून थोडेथोडे खणकाम चालू ठेवले, असे म्हणतात. शेवटी टेकडीच्या पोटातून सुमारे १६५ मीटर लांबीचा मालपासचा बोगदा आरपार गेला. बोगद्यातून नावा नेणारा युरोपातील हा पहिला कालवा होय.

दगडमातीपेक्षा पैशाची अडचण मोठी होती. राजा आणि प्रांत यांच्याकडून ठरलेली रक्कम वेळेवर येत नसे. मजुरांचे वेतन मात्र थांबवता येत नव्हते. रिके आपली संपत्ती खर्चू लागला. ती सरली तेव्हा त्याने कर्ज काढले. एकंदर खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्याने स्वतः सोसला.

१६८० च्या ऑक्टोबर महिन्यात रिके तुलूझ येथे मरण पावला. कालव्याचे अगदी थोडे काम उरले होते. त्याच्या मुलांनी ते पुरे केले आणि १६८१ च्या मे महिन्यात कालव्यातून पहिला अधिकृत प्रवास झाला. तो पाहण्यास रिके नव्हता. त्याचे कर्ज फेडण्यास त्याच्या वंशजांना चाळीसहून अधिक वर्षे लागली.

पुढे सुमारे दोनशे वर्षे या कालव्याने गहू, मद्याची पिंपे आणि प्रवासी वाहिले. नंतर आगगाडी आली, मोटारी आल्या, आणि मालाची ने-आण हळूहळू बंद झाली. १९९६ साली या कालव्याची जागतिक वारशात गणना झाली. काठचे अनेक जुने वृक्ष अलीकडे रोगाने तोडावे लागले. त्यांच्या जागी नवी रोपे लावण्यात येत आहेत. पण काळ्या डोंगरातले पाणी अजूनही नोरूझला येते आणि तेथून दोन्ही दिशांना वाहते.

तुलूझहून निघालेला सायकलस्वार नोरूझला पोचतो, तेव्हा आपण एक चढण चढून आलो हे त्याला फारसे जाणवतही नाही. क्षणभर विसावा घेऊन तो समुद्राच्या दिशेने पुढे जातो. ज्या चढणीपुढे राजांचे बेत थांबले, ती आज त्याला जाणवत नाही, यातच रिकेच्या आयुष्याचे सार्थक आहे.