मासा नंतर, आधी जागा!

मिठबावला गरवायला बसलेल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा, मासा कुठे लागेल? तो गळाबद्दल फारसं बोलणारच नाही. भरती कधी, पाणी निवळ की गढूळ, पेडवे कुठे आलेत, पाखरं कुठे घिरट्या घालतायत, हे सांगेल. आपल्यातले जे सध्या जिगिंग-पॉपिंगच्या नादाला लागलेत, त्यांचं बरोबर उलट असतं. तळापर्यंत सोडून झटके देत वर आणायचं धातूचं जिग, पाण्यावर फटफट आवाज करत ओढायचा पॉपर, रॉड, रील (इन्स्टावरचं नव्हे!), सगळी खरेदी आधी. जायचं कुठे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

हा प्रश्न आयुष्यभर सगळ्यात आधी विचारणारा एक माणूस होता. झेन ग्रे. जन्म १८७२, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं झेन्सव्हिल गाव. वडील दातांचे डॉक्टर आणि भयंकर कडक. पोराने पहिली गोष्ट लिहिली, तर त्यांनी ती फाडून टाकली. मासेमारीचं वेडही त्यांना मान्य नव्हतं. गावाने ओवाळून टाकलेल्या एका म्हाताऱ्याने मात्र या पोराच्या गळाला आणि लिहिण्याला, दोन्हीला बळ दिलं.

बेसबॉलच्या जोरावर त्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रवेश मिळाला. १८९६ मध्ये तो डेंटिस्ट झाला, न्यूयॉर्कमध्ये दवाखाना टाकला. पण मन दातांत रमेना. १९०२ मध्ये त्याचा पहिला लेख छापून आला, तोही डेलावेअर नदीवरच्या मासेमारीचा. पहिली कादंबरी कुणी घेईना, म्हणून १९०३ मध्ये स्वतःच छापली. पुढे काउबॉयच्या कादंबऱ्यांनी त्याला श्रीमंत केलं. करारमदार आणि संपादन बायको डॉली बघायची, आणि साहेब समुद्रावर!

कॅलिफोर्नियाजवळचं कॅटालिना बेट ही त्याची पहिली मोठी जागा. किनाऱ्यापासून जरा बाहेर पडलं की खोल पाणी, त्यात ट्यूना आणि तलवार मासे. पण तिथे जाळ्यांच्या बोटी वाढल्या, मासा कमी होऊ लागला, तशी त्याने लेखांतून तक्रार सुरू केली. १९२४ मध्ये तो कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला गेला. हेरिंग माशांच्या मागोमाग राक्षसी ट्यूना तिथे किनाऱ्याजवळ येतात. तिथे त्याने ७५८ पौंडांचा, म्हणजे सुमारे ३४४ किलोंचा ट्यूना मारला. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. मग स्वतःचं शिडाचं जहाज घेतलं आणि निघाला गॅलापागोसला. १९२६ मध्ये न्यूझीलंड. तिथल्या बे ऑफ आयलंड्सवर त्याने पुस्तक लिहिलं आणि तो किनारा जगभरच्या हौशी मासेमारांच्या नकाशावर आला.

पाणी वाचणाऱ्या या माणसाला माणसं मात्र वाचता आली नाहीत. न्यूझीलंडमध्ये पाहुणा असूनही तो स्थानिकांच्या पद्धतीला नावं ठेवत बसला. कॅटालिनाच्या ट्यूना क्लबमध्ये तर फारच झालं. त्याने ४१८ पौंडांचा तलवार मासा पकडून मिरवलं. पुढच्याच वर्षी एका बारीक अंगाच्या बाईंनी ४२६ पौंडांचा पकडला. ग्रेला ते पचेना, त्याने उघड शंका घेतली. क्लबने माफी मागायला लावली. त्याने ती मागितली आणि क्लबच सोडला.

मग ताहिती. प्रवाळाच्या कड्यापलीकडे समुद्र एकदम खोल होतो, म्हणजे मोठा मासा इथे असणारच, हे त्याने हेरलं होतं. मे १९३० मध्ये मार्लिन लागला. तासन् तास झुंज झाली, पण बोटीत घेण्याआधीच शार्कनी त्याचे लचके तोडले. उरलेल्या माशाचं वजन १०४० पौंड, सुमारे ४७० किलो! गळाने पकडलेला हजार पौंडांवरचा हा पहिला मासा मानतात. पण नियम असा की दुसऱ्या जनावराने तोडलेला मासा विक्रमात धरत नाहीत. ज्यासाठी अर्धं जग पालथं घातलं, तेच नोंदवहीत आलं नाही. तरी गडी थांबला नाही. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलिया गाठलं. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात, वयाच्या ६७ व्या वर्षी तो गेला.

त्याच्या काळात मासा पकडायचा म्हणजे मारायचाच. आज फोटो काढून परत सोडता येतो. बाकी हिशोब तोच आहे. गजबादेवीखालच्या खडकांवर उभं राहायचं की बोटीने इसवण, गोबऱ्यामागे जायचं, हे तळ, भरती आणि पेडवे ठरवतात. आपल्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँकेची प्रवाळं आहेत. ती पाहून ताहितीची आठवण येईल, पण कॅटालिनाचीही यायला हवी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कुणी आग्रह केला तरी जायचं नाही.

आणि जागा विचारायची तर गुगलआधी रापणीवरच्या काकांना विचारा. ग्रेला नेमकं तेवढंच जमलं नव्हतं.