जॉन बन्यन

जॉन बन्यन (बाप्तिस्मा : ३० नोव्हेंबर १६२८, मृत्यू : ३१ ऑगस्ट १६८८) हे सतराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक व लेखक होते. 'द पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे त्यांचे रूपककथात्मक पुस्तक दोनशेहून अधिक भाषांत अनुवादित झाले आहे. संकटे, निराशा व मृत्यूचे भय यांना सामोरे जाणाऱ्या सामान्य श्रद्धावंताला धीर देणाऱ्या ख्रिस्ती वाङ्मयात या पुस्तकाचे स्थान अग्रभागी मानले जाते.

पूर्वायुष्य

बन्यन यांचा जन्म बेडफर्ड शहराजवळील एल्स्टो या खेड्यात झाला. वडील थॉमस हे भांडी डागण्याचा व्यवसाय करीत आणि पुढे जॉन यांनीही तोच पत्करला. शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतेच झाले. १६४४ साली आई आणि धाकटी बहीण मार्गारेट यांचे एकापाठोपाठ निधन झाले आणि वडिलांनी काही आठवड्यांतच पुन्हा विवाह केला. त्याच वर्षी सोळा वर्षांचे बन्यन पार्लमेंटच्या सैन्यात दाखल झाले व न्यूपोर्ट पॅग्नेल येथील ठाण्यावर राहिले. एकदा त्यांच्या जागी पहाऱ्यावर गेलेला सहकारी डोक्यात गोळी लागून मरण पावला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्यांनी पुढे आत्मचरित्रातही नोंदवला आहे.

सैन्यातून परतल्यावर त्यांनी विवाह केला. पहिल्या पत्नीचे नाव इतिहासाला ज्ञात नाही. मात्र तिने माहेरून आणलेल्या दोन धार्मिक पुस्तकांची नावे ज्ञात आहेत. आर्थर डेंट यांचे 'द प्लेन मॅन्स पाथवे टू हेवन' आणि लुइस बेली यांचे 'द प्रॅक्टिस ऑफ पायटी' ही ती पुस्तके होत. संसार इतका गरिबीचा होता की घरात पुरेशी भांडीही नव्हती. या दांपत्याची थोरली मुलगी मेरी जन्मतः अंध होती.

आध्यात्मिक संघर्ष

यानंतरची काही वर्षे बन्यन यांनी तीव्र मानसिक यातनेत काढली. नृत्य, चर्चमधील घंटा वाजवणे, रविवारचे खेळ अशा निरुपद्रवी गोष्टीही त्यांना पाप वाटू लागल्या. आपण ख्रिस्ताचा सौदा केला, आता आपल्याला क्षमा नाही, या विचाराने त्यांना दीर्घकाळ ग्रासले होते. बेडफर्डमध्ये दारात ऊन खात बसलेल्या काही गरीब स्त्रियांचे ईश्वराविषयीचे बोलणे कानी पडल्यावर, अशी शांती आपल्याला ठाऊकच नाही हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे मार्टिन ल्यूथर यांच्या गलतीकरांस पत्रावरील भाष्याची एक जीर्ण प्रत त्यांच्या हाती आली, आणि ती जणू आपल्याच अंतःकरणातून लिहिली गेली आहे असे त्यांना वाटले. बन्यन यांच्या लेखनातील सांत्वन उपदेशकाचे न वाटता सहप्रवाशाचे वाटते, याचे मूळ या वर्षांत शोधावे लागते.

त्या स्त्रिया ज्या मंडळीच्या सभासद होत्या, तिचे पाळक जॉन गिफर्ड यांच्या सहवासात ते स्थिरावले आणि १६५५ च्या सुमारास उपदेश करू लागले. पहिली पत्नी १६५८ मध्ये निवर्तली. पुढील वर्षी त्यांनी एलिझाबेथ यांच्याशी विवाह केला.

कारावास

१६६० साली राजा दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि अधिकृत चर्चबाहेरील सभांवर पुन्हा टाच आली. १२ नोव्हेंबर १६६० रोजी लोअर सॅमसेल येथील एका शेतघरात उपदेशासाठी जमले असताना बन्यन यांना अटक झाली. वॉरंट निघाल्याची कल्पना त्यांना आधीच होती. पण आपण पळालो तर नव्याने श्रद्धेत आलेले लोक खचतील, असा विचार करून ते थांबले. अटकेच्या धक्क्याने गरोदर एलिझाबेथ यांना अकाली प्रसूतिवेदना सुरू झाल्या आणि ते मूल दगावले.

सुटकेची अट साधी होती : पुन्हा जाहीर उपदेश करणार नाही, एवढे वचन द्यायचे. बन्यन यांनी ते दिले नाही. आरंभीची तीन महिन्यांची शिक्षा त्यामुळे सुमारे बारा वर्षांपर्यंत लांबली. ऑगस्ट १६६१ मध्ये एलिझाबेथ यांनी न्यायाधीशांपुढे जाऊन पतीची बाजू मांडली. घरात सावत्र चार मुले आहेत, त्यांतले एक अंध आहे, आणि निर्वाह लोकांच्या दानावर चालतो, असे त्यांनी सांगितले. पती उपदेश सोडेल का, या प्रश्नावर, जिभेत बळ आहे तोवर तो सोडणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांनी सहानुभूती दाखवली, परंतु सुटका झाली नाही.

तुरुंगात बन्यन नाड्यांना धातूची टोके बसवून कुटुंबासाठी पैसे मिळवीत. आपल्या हट्टापायी आपणच घर आपल्या बायकामुलांच्या डोक्यावर पाडत आहोत, ही बोच त्यांना सतत होती. मेरीच्या विचाराने तर ते सर्वाधिक व्याकूळ होत. हे सारे त्यांनी 'ग्रेस अबाउंडिंग टू द चीफ ऑफ सिनर्स' (१६६६) या आत्मचरित्रात लपवाछपवी न करता लिहिले आहे. वीरकथांत सहसा कुटुंबाची किंमत झाकली जाते. या पुस्तकात ती झाकलेली नाही.

'द पिलग्रिम्स प्रोग्रेस' आणि उत्तरायुष्य

१६७२ मध्ये राजाने धार्मिक सवलतीचा जाहीरनामा काढला आणि बन्यन मुक्त झाले. ते बेडफर्डच्या मंडळीचे पाळक झाले होतेच. जाहीरनामा मागे घेतला गेल्यानंतर त्यांना पुन्हा काही महिने तुरुंगात जावे लागले.

'द पिलग्रिम्स प्रोग्रेस' १६७८ साली लंडनमध्ये नॅथनिएल पाँडर यांनी प्रसिद्ध केले. पाठीवर ओझे घेतलेला ख्रिश्चन नावाचा मनुष्य विनाशनगरी सोडून स्वर्गीय नगरीकडे निघतो. वाटेत नैराश्याची दलदल, अडचणीची टेकडी, मिथ्या वस्तूंचा बाजार असे टप्पे येतात. निराशा नावाचा राक्षस त्याला व त्याच्या सोबत्याला संशयगडावर कोंडतो, मारहाण करतो आणि आत्महत्येचा सल्ला देतो. सुटकेची किल्ली मात्र सारा वेळ ख्रिश्चनच्या छातीशीच असते. तिचे नाव अभिवचन. कथानायक इतक्या उशिरापर्यंत आणि इतक्या वेळा चुकतो, हे त्या काळच्या धर्मबोधपर लेखनात विशेष होय. दुसरा भाग (१६८४) त्याची पत्नी ख्रिश्चियाना व मुले यांच्या यात्रेचा आहे. 'द लाइफ अँड डेथ ऑफ मिस्टर बॅडमन' (१६८०) व 'द होली वॉर' (१६८२) हे त्यांचे अन्य प्रसिद्ध ग्रंथ.

ऑगस्ट १६८८ मध्ये एका पितापुत्रातील कलह मिटवून रेडिंगहून लंडनला घोड्यावरून येताना बन्यन मुसळधार पावसात भिजले. तापाने त्यांचे ३१ ऑगस्ट रोजी निधन झाले. बनहिल फील्ड्स येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. इंग्लंडमध्ये अधिकृत चर्चबाहेरील प्रॉटेस्टंटांना उपासनेची मुभा देणारा कायदा पुढच्याच वर्षी, १६८९ मध्ये, संमत झाला.

मराठीतील अनुवाद

हरि केशवजी यांनी केलेला 'द पिलग्रिम्स प्रोग्रेस'चा अनुवाद 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ साली प्रसिद्ध झाला. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी त्यानंतर सोळा वर्षांनी आली. त्यामुळे मराठी कथात्मक गद्याच्या आरंभकाळाचा विचार करताना या अनुवादाचा उल्लेख केला जातो.