सरळ नाकाच्या हट्टापायी मेण टोचून घेतलं, आणि ते मेण हनुवटीपर्यंत उतरलं

ब्रेस्ट इम्प्लांटची सर्जरी झाल्यावर अंगावर पुरळ आलं, छाती लाल झाली, खाज थांबत नाही, अशी तक्रार काही जणी करतात. कारण कधी इन्फेक्शन असतं, कधी औषधाची किंवा चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी, तर फार क्वचित इम्प्लांटभोवती होणारा लिम्फोमा. त्यामुळे असं पुरळ अंगावर काढायचं नसतं, सर्जनला दाखवायचं असतं.

पण बाहेरची वस्तू कातडीखाली गेली की शरीर काय करू शकतं, हे इम्प्लांट यायच्या कितीतरी आधी एका बाईने स्वतःच्या चेहऱ्यावर भोगलं. तिचं नाव ग्लॅडिस डीकन.

जन्म १८८१ चा, पॅरिसमधला. आईवडील अमेरिकन आणि गडगंज श्रीमंत. ती ११ वर्षांची असताना वडिलांनी कान शहरातल्या एका हॉटेलात आईच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. एवढं होऊनही पोरगी हुशार निघाली, आणि दिसायला तर अशी की लेखक मार्सेल प्रूस्तपासून जर्मनीच्या युवराजापर्यंत सगळे फिदा.

तिला मात्र आपलं नाक खटकायचं. ग्रीक पुतळ्यांसारखं कपाळापासून सरळ खाली येणारं नाक हवं होतं.

तेव्हा युरोपात पॅराफिनची इंजेक्शनं नवीन होती. व्हिएन्नाचे सर्जन रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९ मध्ये ती सुरू केली होती. वितळवलेलं पॅराफिन कातडीखाली सोडायचं, थंड झालं की आकार तयार. कापाकापी नाही, व्रण नाही. नाकात, गालात आणि छातीचा आकार वाढवायलाही ते टोचलं जाऊ लागलं.

ग्लॅडिसने बाविशीत ते नाकाच्या दांड्यात टोचून घेतलं. पॅराफिन जागचं हललं आणि हळूहळू खाली सरकत जबड्यापर्यंत गेलं. चेहऱ्यावर गाठी राहिल्या त्या कायमच्याच.

हे फक्त तिच्याच बाबतीत झालं नाही. शरीराला पॅराफिन पचवता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. मग ते त्याच्याभोवती घट्ट गाठी बनवतं. त्यांना पॅराफिनोमा म्हणतात. वरची कातडी लाल पडते, सुजते, कधी फुटतेही. त्रास दिसायला कित्येकदा वर्षं लागायची, म्हणून तर हा प्रकार इतका पसरला. सिलिकॉनचं पहिलं ब्रेस्ट इम्प्लांट थेट १९६२ मध्ये अमेरिकेत बसवलं गेलं.

ग्लॅडिसचं पुढे काय झालं? १९२१ मध्ये, चाळिशीत, तिने मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशी लग्न केलं. हा विन्स्टन चर्चिलचा चुलतभाऊ. ब्लेनहाइम पॅलेसची ती मालकीण झाली, पण संसार टिकला नाही. जेवणाच्या टेबलावर ती रिव्हॉल्व्हर ठेवायची असं सांगतात! ड्यूकने शेवटी तिला बाहेर काढलं. १९३४ मध्ये तो गेला आणि ती चॅकम गावात मांजरांच्या सोबतीने, लोकांची नजर टाळत एकटी राहू लागली. १९६२ मध्ये तिला तिच्या मनाविरुद्ध नॉर्थॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात नेलं. तिथेच १९७७ मध्ये, ९६ व्या वर्षी ती वारली.

ब्लेनहाइमच्या दारातून आत शिरताना मान वर केली की छतावर मोठाले डोळे रंगवलेले दिसतात. त्यातले निळे डोळे ग्लॅडिसचे.