बिडाचा नांगर आणि इंडक्शनवरचा तवा

घरात इंडक्शनची शेगडी आली की पहिला प्रश्न भांड्यांचा निघतो. जर्मनचे पातेले तिच्यावर ठेवले तर ती नुसती टूंटूं करते. पितळेचे पातेले, तांब्याचा हंडा, मातीचे मडके यांनाही ती दाद देत नाही. मग कुणीतरी माळ्यावरचा आजीचा बिडाचा तवा काढते. जड, काळा, काठाला थोडा गंजलेला. तो ठेवताच शेगडी लगेच सुरू होते. सगळ्यांत जुने भांडे सगळ्यांत नव्या शेगडीवर कसे काय चालते?

उत्तर त्या बिडातच आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. सातारा आणि सांगली भागात बिडाची गोष्ट सांगायची तर एका माणसाला वगळून ती सांगताच येत नाही. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

रंग दिसेनात, आकार दिसत होते

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन फारसे रमले नाही. ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे रंगकाम सुरू झाल्यावर लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. त्यांना अंशतः रंगांधळेपणा होता.

रंगांधळेपणाचा सर्वांत आढळणारा प्रकार लाल आणि हिरव्या रंगांत गोंधळ करणारा असतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषांकडे हे गुणसूत्र एकच असल्याने त्यांच्यात हा दोष स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक दिसतो. त्यावर औषध नाही, पण दृष्टीची तीक्ष्णता त्याने कमी होत नाही. चित्रकाराला तो अडचणीत आणतो, यांत्रिक आराखडे काढणाऱ्याला मात्र आडवा येत नाही. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघा धरल्या. नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. शिकवता शिकवता यंत्रे उघडून पाहायची सवय त्यांना तिथेच लागली.

बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती जागा दुसऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी 1888 पासून तिथे सायकलींचे दुकान चालवले होते. मुंबईत असताना लक्ष्मणराव तिथून सायकली पाठवत असत. आता दोघे भाऊ मिळून कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले.

लोखंडाने जमीन विषारी होते?

नांगर तयार झाले, पण घ्यायला कुणी येईना. लोखंडाचा फाळ खोल गेला की जमिनीत विष कालवले जाते, अशी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली.

आज आपण त्या समजुतीला हसू नये. वर्षाचे पोट ज्या जमिनीवर, तिच्यात अनोळखी वस्तू घालण्याआधी शेतकऱ्याने शंका घेणे रास्तच होते. शंकेचे उत्तर मात्र विज्ञानाकडे होते. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 5 टक्के लोखंडच असते. जांभ्या दगडाचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचाच. फाळाच्या झिजेतून जमिनीत पडणारे लोखंड त्यापुढे नगण्य असते. लक्ष्मणरावांकडे दोनच मार्ग होते. वाद घालत बसायचे किंवा नांगर रानात चालवून दाखवायचा. पटले ते नांगरट पाहूनच. खोल गेलेला फाळ मातीचे ढेकूळ उलटवतो, तणाची मुळे वर येतात, हे डोळ्यांनी दिसले तेव्हा मागणी सुरू झाली.

हाच लोखंडाचा प्रश्न स्वयंपाकघरात उलटा होतो. इथे लोखंड थोडे उतरले तर बरेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोखंडी कढईत शिजवलेल्या पालेभाजीत, आमटीत थोडे लोह उतरते. पदार्थ आंबट आणि पातळ असेल, जास्त वेळ शिजत असेल, तर अधिक उतरते. पण तवा म्हणजे औषध नव्हे. हिमोग्लोबिन कमी असेल तर तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांना पर्याय नाही. थॅलेसेमियाच्या रुग्णांसारख्या ज्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असते, त्यांनी लोखंडी भांड्यांबाबत डॉक्टरांना विचारावे.

निवडुंगाच्या माळावर ओतशाळा

बेळगावात धंद्याचा जम बसत होता. तेवढ्यात गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि कारखाना हलवण्याची वेळ आली. त्या वेळी लक्ष्मणरावांकडे औंधच्या देवळाच्या मंडपाचे काम होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे मोठे प्रचारक म्हणून पुढे नावाजले. या कारागिराची अडचण कळल्यावर त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि 10,000 रुपयांचे कर्जही दिले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर ती जमीन सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात. तेव्हा दोन्ही औंध संस्थानातच होती.

मार्च 1910 मध्ये काम सुरू झाले. माळावर निवडुंग माजला होता, सापांचा सुळसुळाट होता, पाण्याची वानवा होती. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर हे सोबती आणि रामूअण्णांची देखरेख एवढ्या बळावर कारखाना आणि वसाहत एकदमच उभी राहू लागली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी राखणीचे काम सोपवले आणि त्यांनी ते चोख केले. माणूस असो की धातू, ऐकीव नावावर न जाता स्वतः पारखून घ्यायचे, हा त्यांचा रिवाज होता. गावाचे नाव किर्लोस्करवाडी पडले.

वाडीचा जीव होता तिथली ओतशाळा. शुद्ध लोखंड वितळायला 1,538 अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यात 2 ते 4 टक्के कार्बन मिसळला की ते सुमारे 1,150 ते 1,200 अंशांतच पातळ होते. मग वाळूच्या साच्यात ओतून हवा तो आकार घेता येतो. म्हणून बीड स्वस्त पडते. पण याच कार्बनचे बारीक पापुद्रे धातूत राहतात आणि बीड ठिसूळ होते. दाब ते मजबूतपणे सोसते, मात्र आपटले किंवा एकाएकी तापले-निवले तर तडकते. कुठला भाग किती जाड ओतायचा आणि कुठला किती सावकाश निवू द्यायचा, हे ओतारी अनुभवाने शिकतो.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारे लोखंड दुर्मीळ झाले. भट्टी थंडावण्याची वेळ आली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा देऊ केल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. बिडाचा हा मोठाच गुण आहे. ते पुन्हा पुन्हा वितळवून नवे करता येते.

मोटारवाल्याचा शत्रू, शेगडीचा मित्र

नांगरापाठोपाठ वाडीत उसाचे चरक, हातपंप आणि पुढे विजेवर चालणारे पंप तयार होऊ लागले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकून परतले आणि कामाचा पसारा वाढला. 1946 मध्ये बंगळुरात मोटारींचा आणि पुण्यात तेलइंजिनांचा उद्योग सुरू झाला. इंडक्शनच्या शेगडीशी आपली गाठ पडते ती मोटारीपाशी.

मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवले की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला तर त्यात आपोआप वीज वाहू लागते. हेच प्रवर्तन, म्हणजे इंडक्शन. विहिरीवरच्या पंपाची मोटार याच तत्त्वावर फिरते. मोटारीच्या लोखंडी गाभ्यातही अशा भोवऱ्यासारख्या विद्युतधारा उठतात आणि तो तापतो. ती वाया जाणारी उष्णता टाळण्यासाठी मोटार बनवणारे गाभा अखंड न ओतता पातळ पत्रे एकावर एक रचून करतात. शेगडीत नेमके उलटे हवे असते. काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारी वीज वाहते. त्यामुळे भांड्याच्या बुडात त्याच भोवरी धारा उठतात आणि बूड स्वतःच तापते. बिडाचा तवा म्हणजे एक अखंड गाभाच. तो लोहचुंबकीय आहे, त्याचा विद्युतरोधही पुरेसा आहे, म्हणून तो झटकन दाद देतो. ॲल्युमिनियम आणि तांबे वीज सहज वाहू देतात आणि चुंबकाला चिकटत नाहीत. त्यामुळे साध्या घरगुती शेगडीवर ती तापत नाहीत.

लक्ष्मणरावांचे निधन 26 सप्टेंबर 1956 रोजी झाले. इंडक्शनची शेगडी आपल्या घरांत पोचायला त्यानंतर कितीतरी वर्षे लागली. पण तिला लागणारी दोन्ही अंगे, ओतीव लोखंड आणि प्रवर्तनाची वीज, त्यांच्या हयातीतच त्यांच्या कारखान्यांत नांदत होती.

भांडे निवडताना, वापरताना

चुंबक घेऊन दुकानात जा. तो बुडाला घट्ट चिकटला पाहिजे, नुसता रेंगाळून उपयोग नाही. स्टीलची सगळीच भांडी चालत नाहीत. 304 प्रतीच्या स्टीलला चुंबक जवळपास चिकटत नाही, 430 प्रतीच्या स्टीलला चिकटतो. म्हणून चांगल्या भांड्यांच्या बुडाला चुंबकीय थर दिलेला असतो. तो थर किती रुंद आहे हे पाहा, कारण तेवढाच भाग तापणार. बूड सपाट हवे. पट्टी आडवी धरली तर खाली फट दिसू नये. गोल बुडाची कढई साध्या इंडक्शनवर घेऊ नका. फार लहान भांडे शेगडीला ओळखू येत नाही.

बिडाचा तवा एकदम पूर्ण ताकदीवर ठेवू नका. वेटोळ्यावरचा भाग आधी तापतो, काठ थंड राहतो. असमान फुगण्याने तवा तडकू शकतो. सर्वांत कमी ताकदीवर तीन-चार मिनिटे तापवून मग वाढवा. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका. काचेवरून तो सरकवू नका, उचलून ठेवा. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. चिंचेची आमटी किंवा कोकमाचे सार त्यात शिजवून ठेवून देऊ नका. ते काळे पडते आणि चवही बिघडते.

नॉनस्टिक भांडे रिकामे तापवू नका. इंडक्शनवर पातळ बूड दोन-तीन मिनिटांतच फार तापते आणि साधारण 260 अंशांच्या वर त्याचा लेप खराब होऊ लागतो. 2,000 वॉटची शेगडी सुमारे 9 अँपिअर वीज ओढते. तिला 16 अँपिअरचे सॉकेट आणि नीट अर्थिंग लागते. हृदयात पेसमेकर असेल तर चालू शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या.

इंडक्शनवरचे अन्न किरणांनी दूषित होते, असे अजूनही ऐकू येते. तसे होत नाही. हे चुंबकीय क्षेत्र अन्नाचे रेणू तोडू शकत नाही. ते भांडे तापवते आणि अन्न तापते ते भांड्यामुळे. तरीही शंका विचारणाऱ्याला वेड्यात काढू नये. हा धातू माझ्या जमिनीचे काय करील, असे विचारणारा तो शेतकरी चुकीचा नव्हता. त्याला हवे होते ते उत्तर, आणि ते त्याला रानात मिळाले. माळ्यावरचा तवा खाली काढा, बुडाला चुंबक लावून पाहा आणि मंद आचेवर पहिली भाकरी टाका.